वरचा कान, खालचा कान

आमच्या किनाऱ्यावर एक नियम आहे आणि तो माझ्या बाबाने काढलाय. पतंग सोडायच्या आधी कान विचारायचा.

काइटसर्फिंग म्हणजे पायाखाली फळी घेऊन पतंगाच्या ओढीने पाण्यावरून पळायचं, आणि त्याचा पतंग दोन माणसं आरामात झोपतील एवढा. स्वार तीस पावलांवर उभा, कमरेला पट्टा, हातात दांडा, दांड्यापासून पतंगापर्यंत लांबच लांब दोऱ्या. पतंग वाळूवर कुशीवर उभा करून दुसऱ्या कुणीतरी धरायचा. त्याचं एक टोक वर, एक वाळूत. त्या टोकांना आम्ही कान म्हणतो. आमच्याकडे वारा कायम एकाच बाजूने, त्यामुळे दांड्याची लाल बाजू ओढली की वरचा कान हललाच पाहिजे. धरणाऱ्याने तो डोळ्यांनी बघायचा, मगच हात सोडायचा. उडतो स्वार, पण पाप-पुण्य सोडणाऱ्याचं.

त्या रविवारी वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. वारा जाईल त्या अंगाला नुसत्या छत्र्या. एक पोरगी बादलीने किल्ला करत होती, शेजारी तिचा आजोबा तोंडावर पेपर घेऊन आडवा. आणि माझ्या हातात दातवाल्या डॉक्टरांचा पतंग.

डॉक्टर म्हणजे क्लबचे कर्तेधर्ते. क्लबच्या बारा पतंगांचं वर्षभराचं दुरुस्तीचं काम कुणाला द्यायचं, ते तेच ठरवणार होते. बाबाचं दुकान त्याच कामाचं, फाटलेले पतंग शिवायचे, दोऱ्या बदलायच्या. डॉक्टरांच्या या पतंगाला त्याने कालच नव्या दोऱ्या घातल्या होत्या. म्हणजे परीक्षाच होती त्याची. माझ्यामागे तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. वाळूत इस्त्री. काय बोलणार.

डॉक्टरांनी अंगठा दाखवला, सोड म्हणून. मी मान हलवून वरच्या कानाकडे बोट केलं. त्यांनी परत अंगठा. मागे पाचजण ताटकळत होते. त्यातला एक म्हणाला, लवंगीला कुणीतरी समजवा, नाहीतर इथेच मुक्काम.

लवंगी म्हणजे मी. शाळेत सरांनी वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा मी सरळ फाटकाबाहेरच गेले, परत आत नाही, तेव्हापासून हे नाव. कुणी डिवचलं की माझं डोकं सटकतं. पण हातात पतंग असताना नाही. तेव्हा मी खांब असते.

शेवटी डॉक्टरांनी वैतागून लाल बाजू ओढली.

वाळूतला कान हलला.

वाटलं, वाऱ्याने असेल. परत ओढायला लावलं. परत खालचाच. आणि मला कालचं दुकान दिसलं. डॉक्टर कधीही येतील म्हणून बाबाची एक नजर दारावर. गडबडीत त्याने दोऱ्या बांधताना दांडा शिकंज्यात स्वतःकडे तोंड करून आवळला होता. समोरच्याचा उजवा तो आपला डावा, तसं झालं. दोरी पतंगाच्या कुठल्या कानाला जोडायची ते सांगणारी लाल खूण भलत्याच दोरीवर बसली. पतंग वर चढायच्या ऐवजी गर्रकन फिरून खाली आला असता, डॉक्टरांना फरफटत, थेट त्या छत्र्यांत.

खुणा बघून दोऱ्या पतंगाला डॉक्टरांनीच इथे वाळूवर जोडल्या होत्या. मी म्हणू शकले असते, तुम्हीच उलटं जोडलंत. सगळ्यांना पटलं असतं, घाई तर तेच करत होते. दुकानाचं नाव वाचलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. मी मागे वळून बघितलं. बाबाची नजर खालच्या कानावरच होती. त्याला कळलं होतं.

मी पतंग पाडला, त्यावर वाळू लोटली, दोन्ही हातांची फुली केली. डॉक्टर पट्टा सोडवून आले. काय तमाशा आहे, असं काहीतरी म्हणाले.

"दोऱ्या उलट्या आहेत," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर जोडल्यात. दुकानातूनच उलट्या आल्यात."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बापाचंच दुकान की गं, म्हणाला. माझी मूठ वळली, पण त्याआधी बाबा पुढे आला. इस्त्रीच्या शर्टासकट वाळूत गुडघे टेकले, गाठी सोडल्या, खूण बदलली, परत बांधलं. मग उठून रांगेच्या शेवटच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"चूक माझी. पकडली माझ्या लेकीनं. अजून कुणाला घाई आहे?"

कुणालाच नव्हती. पतंग माझ्या हातात देताना तो हळूच म्हणाला, "कान विचार. मी बांधलंय म्हणून सोडू नकोस."

विचारला. वरचा हलला. मी हात सोडला, आणि पतंग सरसरत वर गेला. आजोबांनी पेपरचं पानसुद्धा सावरलं नाही.

तासाभराने डॉक्टर परतले, डोक्यावर हात ठेवून खूण केली आणि मी त्यांचा पतंग धरून उतरवला. आभार-बिभार काही नाही. पण पुढचा नंबर एका नवशिक्याचा होता, त्याचा पतंग धरायला डॉक्टर स्वतः गेले. त्याने अंगठा दाखवला. डॉक्टरांनी मान हलवली आणि कानाकडे बोट केलं.

बारा पतंगांचं अजून काही कळलेलं नाही. दुकानात मात्र बाबाने दांडा आवळायच्या जागी खडूने एक बाण काढलाय, तोंड कुठे करायचं त्याचा. खाली लिहिलंय, लवंगीला दाखवल्याशिवाय दुकानाबाहेर काही जाणार नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण आई फडका घेऊन आली की मी मध्ये उभी राहते.