चौसष्ट किलो

सोमवारी सकाळी आमच्या घरात बाबा चारशे बारा ग्रॅम होते. खिडकीच्या चौकटीवर एकशे दहा, पंख्याच्या पात्यांवर चौतीस, हंड्याच्या झाकणावर एकोणीस आणि उरलेले दोनशे एकोणपन्नास जमिनीवर.

मी गावाच्या टेकडीवरच्या वेधशाळेत हवेतली धूळ मोजते. गाळणकागदातून हवा ओढायची, कागद काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा. ही धूळ फिकट होती, वारा वायव्येचा होता. समुद्रापलीकडच्या वाळवंटातून ती आली होती. बाबा तिथे पाइपलाइनच्या कामावर होते. वादळात सात माणसं गेली, एकाचाही देह सापडला नाही, असं कंपनीचं पत्र होतं. पत्रानंतर अकराव्या दिवशी ते यायला लागले.

आईने ओलं फडकं बंद केलं. मऊ कुंच्याने ती त्यांना सुपात घ्यायची आणि खाटेवर अंथरलेल्या त्यांच्या सदऱ्यात, पँटीत भरायची. धूळ आपली जागा ओळखत होती. आधी टाचा झाल्या, मग घोटे.

"किती भरायला हवेत?" आईने विचारलं.

मी त्यांच्या जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद काढला. वजन चौसष्ट किलो. ओळखीची खूण: डाव्या करंगळीचं टोक नाही. ते होडीवर जाळ्याच्या दोरात अडकून गेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या पट्टीने ती करंगळी मोजली होती. तीन पूर्णांक एक सेंटिमीटर.

पुढच्या गुरुवारपर्यंत ते एकतीस किलो झाले. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येई. पारा चौतिसावरून सव्विसावर उतरला. ऐन वैशाखात लोकांनी गोधड्या काढल्या. अंगणात वाळत घातलेला जवळा ओलाच राहिला आणि त्याला वास सुटला.

शेजारच्या चंद्रभागाकाकू टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अगो इंदुमती, नवऱ्याला सांग तुझ्या. यायचं तर पुरता ये म्हणावं. सूर्यासमोर पाय पसरून काय बसलाय? जन्माची खोड त्याची, वाटेत बसायची."

"कमरेपर्यंतच आलेत अजून," आई म्हणाली.

"मग हे घे. माझ्या पिंपावर बसले होते. पाऊण किलो तरी असतील." त्यांनी टोपली पुढे केली. "आणि लवकर आटप. माझा माल कुजतोय."

त्या दिवशी मी आईला समजावलं. धूळ वर तरंगते तेव्हा ऊन पिते. खाली गारवा राहतो, वरची हवा तापते, तापून उठते आणि समुद्रावरचा ओला वारा आत ओढून घेते. बाबा जितके जास्त येतील, तितका पाऊस लवकर येईल. सगळ्यात बारीक कण सगळ्यात वर असतात आणि शेवटी उतरतात. चेहरा त्यांच्यात आहे.

"म्हणजे पाऊस तेच बोलावतायत?"

"हो."

"आणि त्यातच वाहून जाणार?"

"वर राहिलेले तेवढे."

"शोभतं त्यांना," आई म्हणाली आणि कुंचा उचलला.

शुक्रवारी मी वेधशाळेतले सगळे गाळणकागद पिशवीत घालून घरी आणले. नोंदवहीत त्या तारखांपुढे 'हवा स्वच्छ' असं लिहिलं. आईने एकेक कागद कॉलरवर झटकला.

रविवारी आम्ही मासळीच्या लिलावाचा काटा आणला आणि त्यावर खाट चढवली. खाटेचं वजन वजा जाता चौसष्ट किलो. सदरा गळ्यापर्यंत भरला होता. कॉलरच्या वर नुसती उशी होती.

संध्याकाळी एक्क्याऐंशी किलो. सदऱ्याची दोन बटणं उडाली.

"तब्येत सुधारली त्यांची तिकडे," आई म्हणाली.

सोमवारी आम्ही दारं-खिडक्या लावल्या. ते फटीतून आले. मंगळवारी खाट दिसेनाशी झाली. बुधवारी दार उघडेना, कारण आतून धूळ दाराला टेकून बसली होती. आई आणि मी चुलीजवळच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. धूळ आमच्या गुडघ्यांपर्यंत होती आणि उबदार होती.

"बाबा," मी म्हणाले.

खोलीत बरेच जण हलले.

गुरुवारी सकाळी पाऊस आला. कौलांवरून तपकिरी पाणी गेलं, अंगणातून गेलं, पुळणीवरून समुद्रात गेलं. वीस मिनिटांत आकाश धुऊन निघालं. बाहेर चंद्रभागाकाकू ओरडत होत्या, "ऊन पडलं गो! ऊन पडलं!" खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी खोलीत पडली.

धूळ बसली होती. मी मोजलं. टाचा चौदा, डावे हात सात. कुणालाच चेहरा नव्हता.

"आपले कुठले ते बघ," आई म्हणाली. तिने माझी शाळेची पट्टी पदरातून काढली. "करंगळी बघ."

मी पहिल्याच्या हाताशी वाकले, मग दुसऱ्याच्या. आई प्रत्येक आकड्याला माझ्या तोंडाकडे बघत होती. सातवी झाल्यावर मी पहिलीपासून पुन्हा मोजल्या.

तीन पूर्णांक एक सेंटिमीटर. साती.