चौकटीवरची दोन भोकं

मित्रांनो, मी एक जुनी मेझुझा आहे. म्हणजे बोटभर लांबीची सागवानी डबी, पोटात कातड्याच्या पट्टीवर लिहिलेली हिब्रू प्रार्थना. ज्यू माणसं मला दाराच्या चौकटीवर तिरकी बसवतात. जाता-येता मला शिवून बोटं ओठांना लावतात. सारा जन्म दारावर गेल्यामुळे मी पहिल्यापासून संशयी. आलेला माणूस परत जाईपर्यंत मला चैन पडत नाही.

माझा जन्म रेवदंड्याचा. तिथले पेझारकर हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, गावाच्या भाषेत शनवार तेली, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. प्रार्थनेला तोंड यरुशलेमकडे आणि भांडण मात्र अस्सल मराठीत! पुढे घरातले बरेच जण इस्राएलला गेले. ‘मायदेशी चाललो’ म्हणाले आणि निघताना रेवदंड्यासाठी रडले. मायदेश नेमका कुठला, हे मला अजून उमगलेलं नाही.

मी पेझारकरांच्या सॅमसन आणि त्याच्या बायकोबरोबर, शुलामिथबरोबर, अरबांच्या मुलखात शारजाला आले, अल मजाजमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारावर. दिवस सुखाचे होते. मग तिकडे इस्राएलात लढाई पेटली. इथे कोणी चकार शब्द काढला नव्हता, तरी सॅमसनने मला उतरवलं.

“उगाच रिस्क कशाला?” तो म्हणाला.

मी चपलांच्या कपाटातल्या खणात पडले. चौकटीवर स्क्रूची दोन भोकं राहिली. त्यांच्या छोट्या लेकीचा, अबिगेलचा हात हळूहळू तिकडे जाईनासा झाला, याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

शुलामिथचा हात मात्र जायचा. एका शुक्रवारी ती घाबरीघुबरी आत आली. “समोर नवीन राहायला आल्यात ना, त्या मरियमबींनी बघितलं. सवयीने हात गेला रे, बोटं ओठांना लावली!”

“खलास,” सॅमसन म्हणाला. “पुढच्या ट्रिपला ही डबी रेवदंड्यालाच ठेवून येतो.”



दुसऱ्या दिवशी बेल वाजली. खणाच्या फटीतून पाहिलं, तर मरियमबीच! हातात डबा. आली पाळत ठेवायला, मी मनात म्हटलं.

“आज शनवार,” ती म्हणाली. “तुम्ही विस्तव पेटवणार नाही, म्हणून आणलं. तांदळाच्या भाकऱ्या नि डाळ आहे, मटण नाही हो, तुम्हाला तुमच्या रीतीने कापलेलंच लागतं ना. मी रेवदंड्याजवळच्या चौलची. आमची नानी शनवारी तुमच्या लोकांची चूल पेटवून द्यायची.”

गोड बोलून माहिती काढणारे मी पुष्कळ पाहिलेत. तेवढ्यात तिने चौकटीवरच्या भोकांवर बोट ठेवलं.

“इथली डबी कुठे गेली?”

शुलामिथने सॅमसनकडे पाहिलं. सॅमसनने जमिनीकडे.

“मम्मा, शी ऑलरेडी नोज!” म्हणत अबिगेलने खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

मरियमबीने मला हात लावला नाही. “बेटी, चोरीचा माल लपवतात,” ती म्हणाली. “ही तर तुमच्या घराची खूण आहे.”

शनिवारी ठोकाठोक चालत नाही. रविवारी सॅमसनने मला त्याच भोकांवर बसवलं. सोमवारी शाळेला निघताना अबिगेलने टाचा उंचावल्या आणि ती मला शिवली. बोटं ओठांना लावायची असतात, हे मात्र तिला शुलामिथने पुन्हा सांगावं लागलं.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. लिफ्टचं दार उघडलं की आजही मी दचकते. पण एवढं ऐका, तुमच्या दारावरचं जे आहे ते भीतीपोटी खणात टाकू नका. मोठ्यांचा हात सवयीने तरी वर जातो. लेकरांच्या हाताला विसरायला वेळ लागत नाही.