कान कापून हातात देईन

सलूनवाल्या काकांच्या कात्रीपेक्षा त्यांची जीभ जास्त चालते, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. मोठी माणसं खुर्चीत निमूट बसत. खरी कसोटी पोरांची. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून पोराला वर बसवलं आणि गळ्याला कापड बांधलं रे बांधलं, की त्याला हमखास कुठेतरी खाज सुटणार. मग काका डोळे वटारून म्हणायचे, "हलू नकोस हं! नाहीतर कान कापून हातात देईन!" बाकावर नंबर लावून बसलेले सगळे खो-खो हसायचे. पोरगं गपगार. काम फत्ते.

शाळा सुटली की काकांची लेकही त्याच बाकावर येऊन बसायची. पहिलीतली पोर, अंगानं एवढीशी, पण तोंड उघडलं की समोरच्याला ठसका. म्हणून तिचं नाव पडलं लवंगी.

तर या लवंगीपायी एके सकाळी काकांना, एका गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून, शाळेत धावत जावं लागलं.

वर्गात बाई होत्या, ढब्बूची आई होती आणि कोपऱ्यात लवंगी उभी होती. ढब्बू म्हणजे वर्गातल्या बाकावर लवंगीशेजारी बसणारा सोबती. बाईंनी झाला प्रकार शांतपणे सांगितला. परवा हस्तकलेच्या तासाला लवंगी कागदाचं फूल कापत होती. ढब्बू शेजारी बसून बाक हलवत होता. लवंगीनं हातातली कात्री त्याच्या कानाशी नेली आणि म्हणाली, कान कापून हातात देईन. त्यावर ढब्बूनं असा टाहो फोडला की शेजारचा वर्गसुद्धा दारात जमा झाला. कात्री बोथट, कागदही धड न कापणारी. पण तेव्हापासून ढब्बू शाळेचं नाव काढू देत नव्हता.

"तो असाच घरी बसला तर लवंगीला दुसऱ्या तुकडीत पाठवावं लागेल," बाई म्हणाल्या. "मोठ्या बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय."

काकांना प्रश्न पडला. लवंगीच्या शेजारी बसायला दुसरं कोण धजणार? अख्ख्या वर्गात तिला झेलणारा तो एकटा ढब्बू. पण बाप म्हणून काहीतरी ठणकावून बोलणं भाग होतं.

"बाई, आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. विचारा हवं तर तिलाच!"

बाई लवंगीपुढे खाली बसल्या. "कुठे ऐकलंस गं हे?"

"घरी नाही," लवंगी म्हणाली, "दुकानात. बाबा रोज म्हणतो."

काकांनी छताकडे पाहिलं. छत काही मदतीला आलं नाही.

"अहो, ती गंमत असते बाई! सगळे हसतात!"

"हो ना," लवंगी म्हणाली. तिचे डोळे एकदम भरून आले. "बाबा म्हणतो तेव्हा सगळे हसतात. ढब्बू हसलाच नाही."

आता ढब्बूची आई पुढे झाली. ती म्हणाली, "मागे तुमच्याकडे केस कापून गेल्यापासून तो कानांवर उशी घेऊन झोपतो. मला आपलं वाटायचं, थंडी वाजत असेल."

इतकी वर्षं काकांना बाकावरचे हसताना ऐकू येत होते. फळीवरच्याकडे आपण कधी पाहिलंच नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"ताई," ते म्हणाले, "संध्याकाळी त्याला दुकानात आणाल? केस कापायला नाही, शपथ."

ढब्बू आला, पण दोन्ही कानांवर हात ठेवून आणि आईच्या मागे लपून. काकांनी दुकानातली गिऱ्हाइकं वाटेला लावली होती. ते स्वतः खुर्चीत बसले आणि गळ्याला कापड बांधून घेतलं. "आज कारागीर तू," ते ढब्बूला म्हणाले. "कर काय करायचं ते."

ढब्बूनं विचार केला. "पण तुम्हाला केसच नाहीत."

खरंच होतं. काकांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. ढब्बूची आई तोंडाला पदर लावून हसली. ढब्बूनं कानांवरचे हात काढले, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली उचलली आणि टकलावर मनसोक्त पाणी मारलं. लवंगीनं दप्तरातून शाळेची बोथट कात्री काढून त्याच्या हातात दिली. ढब्बू स्टुलावर चढला. पाणी काकांच्या मानेवरून पाठीत उतरलं आणि ते वळवळले.

कानामागे गार लोखंड टेकलं. ढब्बू हळूच म्हणाला, "हलू नका हं. नाहीतर कान कापून हातात देईन."

सवयीनं लवंगी फिदीफिदी हसली. काकाही हसायला गेले, पण हसू काही येईना. कात्री बोथट आहे हे ठाऊक असूनही त्यांचे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले. आरशात त्यांना आपलाच चेहरा दिसला, आणि लवंगीलाही तो दिसला. तिचं हसणं थांबलं.

"बाबा, तू का नाही हसलास?"

"भीती वाटली गं," काका म्हणाले.

लवंगी ढब्बूकडे वळून म्हणाली, "तुलाही अशीच वाटली होती?"

ढब्बूनं मान डोलावली. तिनं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, दप्तरात अगदी तळाशी कोंबली आणि म्हणाली, "बाक हलवलास तरी चालेल." तोंडातून एवढे मऊ शब्द निघाल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं असावं. ढब्बूनं काकांचा खांदा थोपटला. "काका, मी खरंच नव्हतो कापणार," तो म्हणाला, आणि त्यांच्या टकलाला भरपूर पावडर लावून दिली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि येताजाता बाक हलवत राहिला. लवंगी दातओठ खात गप्प बसली.

दुकानात फळीवरचं पोरगं वळवळायला लागलं की बाकावरचे अजूनही त्या वाक्याची वाट बघतात. काका कात्री खाली ठेवतात. "हल बाबा, पोटभर हल," ते म्हणतात. "मी थांबतो."