तांबड्या रेघेची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण कुणाला टेकायला किंवा हाणायला माझा कधी उपयोग झाला नाही. कोगनोळीजवळच्या एका गावात, सोसायटीच्या बॅरलमध्ये डिझेल किती उरले ते मी सांगत असे.

त्र्याहत्तर साली तेलाची टंचाई आली, तेव्हा भरमू सुताराने मला सागाच्या फळीतून कापले. गावात वीज नव्हती. नदीकाठच्या विहिरीचे पाणी गावच्या टाकीत चढवणारे इंजिन डिझेलवरच चाले. म्हणून ग्रामसभेने माझ्या तळापासून एक वीत वर तांबडी रेघ ओढायची ठरवली. तेल रेघेपर्यंत उतरले की शेतांच्या पाण्यासाठी ते द्यायचे बंद. उरलेले फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. तेवढ्यावर इंजिन तीन आठवडे चालले असते.

सोसायटीचा कृष्णात मला रोज सकाळी बॅरलमध्ये सोडी आणि ओल कुठवर आली ते पाही. खंडेनवमीला अवजारांबरोबर माझीही पूजा होई. तेलाने पुसट झालेली रेघ त्याच दिवशी नव्याने ओढत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

टंचाई सरली. निपाणीला टँकर वेळेवर येऊ लागले. बॅरलमध्ये तेल असून तंबाखूच्या रोपांना पाणी नाही, अशी कुरकूर सुरू झाली. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. अध्यक्ष मारुतीरावांनी कृष्णातला रेघ दोन बोटे खाली घ्यायला सांगितले. पुढच्या खंडेनवमीला आणखी दोन. मग ती रीतच पडली. खालची रेघ सगळ्यांच्याच सोयीची होती.

अठ्ठ्याहत्तरच्या खंडेनवमीला ती तळापासून दोन बोटांवर आली. त्या दिवशी कृष्णातची आई गंगव्वा पुढे झाली.

"कृष्णात, रेघ खाली नेली म्हणून तेल वाढत न्हाय रं."

"आक्का, टँकर काय वाट इसरलाय व्हय?" मारुतीराव म्हणाले. सगळे हसले. कृष्णातही हसला. त्याच्या हातातला कुंचला थांबला नाही.

पुढच्या वैशाखात टँकर आला नाही. रेघेखालचे तेल चार दिवसांत संपले. पाचव्या दिवशी कृष्णातने मला बॅरलमधून वर काढले, तेव्हा मी टोकापर्यंत कोरडी होते. टाकीही कोरडी पडली. नदी लांब, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी जवळच्या ओढ्यातले डबक्याचे पाणी भरले. गावात हगवण-वांती सुरू झाली. तिसऱ्या दिवशी गंगव्वा गेली.

टँकर पंधराव्या दिवशी आला. रेघ मूळच्या जागी असती, तर बॅरलमध्ये तेव्हाही तेल असते.

आईचे दिवसकार्य उरकल्यावर कृष्णातने माझा रंग खरवडून काढला. मग वीतभर मोजून त्याने करवतीने खोल खाच पाडली. मला दुखले, पण मी त्याला दोष देत नाही. त्या खंडेनवमीला मारुतीरावांनी मला हातात घेतले. खाचेत बोट ठेवून पाहिले आणि मला पूजेत परत ठेवले.

आता गावात वीज आली आहे. मी कोपऱ्यात धूळ खात उभी आहे. मित्रांनो, बॅरल भरलेले असते तेव्हाच खूण करायची असते, आणि ती रंगाने करायची नसते. आणि एखादी म्हातारी काही सांगू लागली, तर हसण्याआधी एकदा बॅरलमध्ये काठी सोडून पाहा.