उजळलेला देव

दौंडच्या पेठेत नकली नाणं ओळखणारा सोनार एकच, तो म्हणजे मी. फुशारकी नाही, लोकच म्हणतात. स्टेशनबाहेर कुणीतरी भामटा 'नांगराला लागलं' म्हणत दोन हजार वर्षांचं ग्रीक नाणं गळ्यात मारतो, गिऱ्हाईक ते माझ्याकडे घेऊन येतं आणि मी त्याला चार शब्द सुनावून परत पाठवतो. साच्यात ओतलेल्या नाण्यावर भाकरीसारखे बारीक फोड असतात, कड कानशीने घासलेली असते, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी बोथट. ठोकून पाडलेल्या अस्सल नाण्यात चांदी मधून कडेकडे पसरलेली दिसते. त्याला काही ब्रह्मज्ञान लागत नाही. पण मला ते उशिराच कळलं, दोन हजार साली, पुण्याच्या एका संग्राहकाने शिकवलं तेव्हा.

२००३च्या वैशाखात वडगाव रासाईचे म्हस्कू आबा दुकानात आले. धनगर, बापाच्या काळात मेंढरं सोडून शेतीला लागलेले. बायको रतनबाई बाहेर पायरीवरच बसली. आबांनी फडक्यातून एक चांदीचं नाणं काढलं.

"शेट, भिंगातनं बघा आन् खरं हाय म्हणून कागदावर लिवून द्या."

"आधी बघू तर द्या! न बघता लिहून देणारा हवा असेल तर दुसरं दुकान शोधा."

नाणं म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातला देव. पणजोबाला भीमेच्या वाळूत सापडलेला. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला भाले घेतलेले दोन घोडेस्वार. घरच्यांनी ठरवून टाकलं, म्होरला खंडोबा, मागची बाणाई, आणि बाकीच्या देवांच्या चांदीच्या टाकांशेजारी मांडून त्यावर भंडारा वाहायला लागले. पंच्याण्णव साली पुण्याचे एक प्राध्यापक गावात आले होते. फोटो काढून म्हणाले, ग्रीक राजाचं अस्सल नाणं आहे, जपा. आदल्या वर्षी, २००२ला, ते पुन्हा आले, नाणं हातात घेतलं आणि चारचौघांत बोलले, हे नकली आहे, अस्सल कुणीतरी काढून घेतलं.

आबांचा थोरला, हनुमंत, त्याने नुकतीच मोटारसायकल घेतली होती. झालं, सगळ्या गावाची बोटं त्याच्याकडे. त्याने तळहातावर भंडारा घेऊन शपथ घेतली की देवाला मी हात लावलेला नाही. आबांनी तो भंडारा झटकून टाकला. म्हणाले, देव इकनाऱ्याचं तोंड बघायचं न्हाई. तिसऱ्या दिवशी हनुमंत रेल्वेच्या रुळावर सापडला.

"प्रोफेसर चुकला आसंल," आबा म्हणाले. "तुम्ही खरं म्हनला की माझ्या पोराची शपथ खरी. मंग मला दुसरं काय नको."

मी भिंग लावलं. फोड होते. कडेला कानशीच्या खुणा होत्या. अरे देवा, आता या म्हाताऱ्याला काय सांगू, असं मनात आलं, तेवढ्यात घोडेस्वारांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. ते कोरणीने उघडले होते, आणि डोळ्याला अशी तिरकी रेघ दौंडात एकच माणूस देतो. तो म्हणजे मी.

"आबा, हे देव माझ्याकडे उजळायला कधी आणले होते?"

"लेकीच्या, प्रतिभाच्या लग्नात. सत्त्याण्णव साल. घरात लगीन निघालं की आनतोच की."

आठवलं. घोडेस्वार पार झिजलेले होते. झिजलेला देव पूजेला चालत नाही. सोनार त्याचा साचा घेतो, देव मुशीत वितळवतो आणि त्याच चांदीत थोडी भर घालून पुन्हा ओततो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. तेव्हा मला ग्रीकबिक काही ठाऊक नव्हतं. मी ते नाणं वितळवलं, आणि मजुरीचे पैसेही घेतले.

"प्राध्यापकांनी विचारलं असेल ना, नाणं कुणाकडे दिलं होतं का?"

"इचारलं की. म्या सांगितलं, देव घराभाईर कवा गेलाच न्हाई."

"अहो, आणि माझ्याकडे आणले ते?" माझा आवाज चढला.

"ते उजळणं, शेट! चांदी तीच, देव तोच. त्याला काय भाईर जानं म्हनत्यात?"

खोटं लिहून द्यावं असं एकदा वाटलं. पण ते दुसऱ्या भिंगाखाली टिकलं नसतं, आणि पोरगं पुन्हा चोर ठरलं असतं. मी सगळं सांगून टाकलं.

आबांनी रिकाम्या फडक्याची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी पोरानं भंडारा खरा उचलला हुता."

"व्हय आबा. मी येतो गावात. चावडीवर उभा राहून सांगतो, मी वितळवलं म्हणून."

"सांगा. पर आनलं म्या, आन् इसरलो बी म्याच." त्यांनी नाणं उचललं नाही. "रतनाला तेवढं तुम्हीच सांगा. मला तोंड न्हाई."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो आणि सांगितलं. ती रडेल, मला शिव्या घालेल, असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पोरगं माझ्या म्होरं भंडारा उचलून बोललं हुतं," ती म्हणाली. "मला तवाच ठाव हुतं."

मग तिने दुकानात पाठमोऱ्या बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"वरीसभर पोराला चोर समजून तरी जगत हुते. आता कशावर जगायचं त्यांनी?"