पाच जानेवारीची मुलगी

आमच्या वडिलांनी अडुसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्याच वर्षी आमची शिडी शाळेत गेली. त्यामुळे ते वर्ष विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. घरात रोज भांडण. धाकटा भाऊ वडिलांशी बोलत नव्हता, वडील नव्या आईशिवाय कुणाशी बोलत नव्हते, आणि नवी आई माझ्याहून तीन वर्षांनी लहान, त्यामुळे मला हाक काय मारायची तेच तिला कळत नव्हतं. या गोंधळात पोरीला शाळेत घालायची आठवण मला एकटीला झाली.

शिडी म्हणजे धाकट्याची मुलगी. तिला आई नव्हती. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत वर-खाली. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायचे. पोर माझ्याच हाताखाली वाढली. शिडी हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं, कारण चार वर्षांची असताना ती सहा वर्षांची दिसायची.

शाळेच्या कारकुनाने विचारलं, "जन्मतारीख?"

"पाच जानेवारी."

"दाखला?"

"घरी आहे. लग्नाच्या गडबडीत सापडत नाही."

"कुणाचं लग्न?"

"वडिलांचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि हसू दाबत तारीख लिहून टाकली. "दाखला नंतर आणून द्या, बाई." मी अंगठा उठवला. नंतर कुणी मागितला नाही आणि मी नेला नाही.

ती तारीख खोटी होती. शिडी जन्मली अठ्ठावीस डिसेंबरला आणि त्याच दिवशी तिची आई गेली. दरवर्षी पोरीचा वाढदिवस आणि आईचा दिवस एकच यावा, हे मला सोसवेना. म्हणून मी तारीख आठ दिवस पुढे ओढली, आखूड पडलेली चादर पायाकडे ओढावी तशी. पोरीला सांगितलं, तुझी आई तू पाच महिन्यांची असताना तापाने गेली. धाकट्याने ऐकलं आणि गप्प राहिला. आठ दिवस म्हणजे आठच दिवस, असं मला वाटलं. मधे वर्ष बदलतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोरीचा पाय कधी जमिनीवर टिकला नाही. जेवताना पाय हलायचा, झोपेत हलायचा. हातात येईल ते ती भिंतीवर फेकायची. शेवटी धाकट्याने लिफ्टच्या एका जुन्या चाकाचं लोखंडी कडं काढलं, इमारतीच्या मागच्या भिंतीला उंचावर ठोकलं आणि बास्केटबॉलचा एक चेंडू आणून दिला. त्या दिवसापासून धप्, धप्, धप्. तळमजल्यावरचा शिंपी खिडकीतून ओरडायचा, "ताई, भिंत पडल्यावर थांबणार का ही, की मी मेल्यावर?"

"तुम्ही आधी ठरवा," शिडी खालून म्हणायची.

शाळेच्या सरांनी तिला अकराव्या वर्षी हेरलं. बाकीच्या मुली तिच्या खांद्यापर्यंत यायच्या. ती चेंडू घेऊन निघाली की समोरच्या पोरी आपोआप बाजूला व्हायच्या, जड कपाट सरकत यावं आणि माणसांनी वाट द्यावी तशा. सर म्हणायचे, "आत्याबाई, ही देणगी आहे." मीही तेच समजत होते.

मधल्या काळात नव्या आईने मला अक्षरं शिकवली. तिला रिकामं बसवत नसे आणि वडील दुपारभर झोपायचे. धुलाईघरातल्या चिठ्ठ्यांवर तिने सुरुवात केली: बाळंतपण, शस्त्रक्रिया, लहान मुलं. त्रेपन्नाव्या वर्षी मी सही करायला लागले, पंचावन्नाव्या वर्षी पाट्या वाचायला. दुकानं, बस, पायऱ्यांवरच्या सूचना, काही सोडत नव्हते. अशीच एकदा शिडीच्या स्पर्धेला हॉलबाहेर उभी राहून फळ्यावरचा कागद वाचत होते. 'सोळा वर्षांखालील गट. एक जानेवारी रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र.' खाली साल होतं.

मी ते साल दोनदा वाचलं. मग बोटांवर मोजलं. अठ्ठावीस डिसेंबरची मुलगी वरच्या गटात जाते. पाच जानेवारीची खालच्या गटात राहते. माझ्या आठ दिवसांनी पोरीला पूर्ण एक वर्ष दिलं होतं, दरवेळी, प्रत्येक गटात.

आत शिट्टी वाजली. मी जाऊन बसले, टाळ्या वाजवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं सांगितलं नाही. ती चूक अंगठ्याची नव्हती. ती मला वाचता येत असताना केलेली होती. हॉलमध्ये मला बसवत नसे. मी दाराशी उभी राहायचे, कुणी ओरडलं की वाटायचं, आता कुणीतरी कागद घेऊन येणार.

मग अठरा वर्षांखालील अंतिम सामना झाला. शिडीने एकटीने एकतीस गुण केले, शाळेला करंडक मिळाला आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. पत्रकाराने विचारलं होतं, उडी मारायला कधी शिकलीस? शिडीने सांगितलं, "माझी आई मला खिडकीत उचलून धरायची. मी हात वर करून पडद्याची दोरी पकडायचे. आई गेली तेव्हा मी पाच महिन्यांची होते. माझी पहिली उडी ती." मथळाच दिला होता, 'आईने शिकवलेली उडी'. शिंप्याने ते कात्रण स्वतःच्या दुकानात चिकटवलं आणि गिऱ्हाइकांना म्हणायला लागला, "माझ्याच भिंतीवर तयार झालीय ही."

ती गोष्ट मीच पोरीला सांगितली होती, ती पाच-सहा वर्षांची असताना, रडत होती म्हणून.

आठवड्याने मोठ्या क्लबची बाई घरी आली. नीटनेटकी, हातात जाड वही. तीन वर्षांचा करार, आधी तरुणींचा संघ, मग व्यावसायिक लीग. राहायची सोय क्लबची. शिडीचा पाय टेबलाखाली इतका हलत होता की कपातला चहा हिंदकळत होता.

"फक्त लीगच्या नोंदणीसाठी मूळ जन्मदाखला लागेल," बाई म्हणाली. "शाळेचा चालत नाही. महिन्याभरात द्या."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो एक टंकलेला कागद घेऊन आला. "सही कर. तू घरातली मोठी, जन्माच्या वेळी तू होतीस, तुझीच साक्ष लागते."

मी चष्मा लावला.

"वाचतेस काय? सही कर!"

"वाचता येतं म्हणून वाचते."

कागदात लिहिलं होतं की मुलगी पाच जानेवारीला घरीच जन्मली, म्हणून हॉस्पिटलात नोंद नाही, आणि तिची आई त्यानंतर जून महिन्यात तापाने वारली.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"तुझंच आहे! मी एक अक्षर वाढवलेलं नाही. बारा वर्षं तू हेच सांगत आलीस."

"तोंडाने सांगितलं."

"मग आता हाताने सांग. आठ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय का? पोरीचं आयुष्य उभं राहतंय आणि तुला आता खरं सुचतंय. वडिलांच्या त्या बायकोने तुला वाचायला शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. अंगठा उठवून मोकळी झाली असतीस."

"झाले असते," मी म्हणाले. ते खरंच होतं. कागद मी घडी करून डब्याखाली ठेवला. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. दोन दिवस तो डबा उचलून कागद आहे ना ते बघितलं. सही केली तर पोरीला क्लब मिळत होता आणि आईही राहत होती. नाही केली तर दोन्ही जात होतं, आणि ते नेणारी मी. पण मूळ नोंद हॉस्पिटलच्या वहीत होती. ती वही कोणत्या कपाटात असते हेसुद्धा मला ठाऊक होतं. आज ना उद्या कुणीतरी ती उघडणार. तेव्हा पोरीला हे अनोळखी माणसाच्या तोंडून कळणार, तेही चारचौघांत.

रविवारी सकाळी गच्चीवर चादरी वाळल्या होत्या. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. ती सात वर्षांची असल्यापासून हे काम आम्ही दोघी करत आलो. आता तिचं टोक इतकं वर असायचं की मला ओरडावं लागे, "गुडघे वाकव, शिडे, चादर आहे, झेंडा नाही."

चादर ताणून धरल्यावर मी म्हणाले, "तुझा जन्म पाच जानेवारीचा नाही."

"मग काय फेब्रुवारीचा?" ती हसली.

"अठ्ठावीस डिसेंबरचा."

खेळणाऱ्या मुलीला बोटांवर मोजावं लागत नाही. तिचं हसू तिथंच थांबलं. "म्हणजे माझा गट मागच्याच वर्षी संपला होता."

"हो."

"मग एकतीस गुण कुणाविरुद्ध केले मी? लहान मुलींविरुद्ध?"

मी चादर आणखी ताणून धरली.

"आत्या, मी चांगली खेळते की नुसती मोठी आहे?"

"मला खेळातलं कळत नाही गं."

"तारीख का बदललीस?"

"त्या दिवशी तुझी आई गेली म्हणून."

"आई जून महिन्यात गेली."

"नाही. त्याच दिवशी."

घडीत पुढची पायरी म्हणजे जवळ यायचं आणि टोकं जुळवायची. तिचे हात सवयीने तेच करत आले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही टोकं मुठीत.

"मग पडद्याची दोरी?"

"खिडकी खरी, दोरी खरी. तुला उचलून धरणारी मी होते."

टोकं न सोडता तिने विचारलं, "तिने मला बघितलं?"

"मला माहीत नाही. मी हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईघरातल्या भट्टीपाशी होते. वर पोचले तेव्हा सगळं झालं होतं."

"हे तरी खरं?"

"हे खरं."

तिने टोकं माझ्या हातात दिली आणि खाली गेली. धप्, धप्, धप्, दुपारपर्यंत. शिंपी एकदा ओरडला, मग त्याने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच क्लबच्या बाईकडे गेली आणि तारीख सांगून आली. मग सरांकडे गेली. सर संध्याकाळी घरी आले, बसले नाहीत. "आत्याबाई, तुम्ही आठ दिवस हलवलेत, माझ्या नऊ मुलींचा करंडक गेला." शिडी त्या नऊजणींच्या घरी स्वतः गेली. चौघींनी दार उघडलं. एकीच्या आईने विचारलं, "तुला खरंच माहीत नव्हतं?" शिडी म्हणाली, "नव्हतं. पण गुण मीच केले होते." क्लबने करार मागे घेतला. वर्तमानपत्रात पुन्हा फोटो आला, या वेळी लहान. शिंप्याने जुनं कात्रण काढलं नाही. "मी उडी चिकटवलीय," तो म्हणाला, "तारीख नाही."

धाकटा माझ्याशी सात महिने बोलला नाही. ताट उचलून आतल्या खोलीत जायचा.

शिडी एका गोदामात माल लावायच्या कामाला लागली आणि संध्याकाळी तिथल्या बायकांच्या संघात खेळायला लागली. त्या तिशीच्या, पस्तिशीच्या, दोन मुलांच्या आया. एकीने पहिल्याच दिवशी कोपराने तिला असं ढकललं की ती भिंतीवर गेली. "काय गं स्टार, वाट देऊ का?" घरी आली तेव्हा बरगडी निळी होती. पण खूप दिवसांनी ती नीट जेवली. "आत्या, इथे कुणी बाजूला होत नाही," ती म्हणाली. "आता कळेल."

कळायला तीन वर्षं लागली. खालच्या लीगमधल्या एका लहान क्लबने चाचणीला बोलावलं, नाकारलं, पुढच्या वर्षी घेतलं. तिथे सगळ्याच तिच्याएवढ्या उंच, दोघी तर तिच्याहून उंच. ती बाकावर बसायची. उंचीवर मिळायचं ते संपलं, म्हणून ती पास द्यायला शिकली, पडलेल्या चेंडूवर झोपून झडप घालायला शिकली. बाविसाव्या वर्षी वरच्या, व्यावसायिक लीगच्या संघाने तिला घेतलं. सातवी-आठवी खेळाडू म्हणून.

पहिल्या सामन्याला मी आणि धाकटा शेजारी बसलो. ती अकरा मिनिटं खेळली. चार गुण, तीन फाउल. एकदा समोरची तिच्यापेक्षा उंच होती. शिडीने तिला अंगावर घेतलं, चेंडू मागच्या मागे दुसरीला दिला आणि ती बास्केट झाली. गुण त्या दुसरीच्या नावावर गेले. आजूबाजूला कुणी टाळी वाजवली नाही. धाकट्याने माझा हात दाबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बसलेली आहे, दाराशी उभी नाही.

सामन्यानंतर ती घामाने थबथबलेली आली. मी विचारलं, "मग? चांगली की नुसती मोठी?"

"ठीक आहे मी," ती म्हणाली. "खरंच ठीक आहे." आणि तिचा पाय हलतच होता.

लीगच्या कार्यालयाने नंतर पत्र पाठवलं. शाळेच्या नोंदीत एक तारीख आणि हॉस्पिटलच्या नोंदीत दुसरी का, याचा खुलासा घरातल्या जाणत्या व्यक्तीने लिहून द्यावा. धाकटा म्हणाला, "टंकून आणतो." मी म्हणाले, "नको." आधी हॉस्पिटलात जाऊन ती वही मी स्वतः वाचली. नवी आई शेजारी बसली, पण तिने एकही अक्षर सांगितलं नाही. तीन कागद फाडले, चौथा झाला. तो असा.

शाळेत मी चुकीची तारीख सांगितली. नंतर चूक कळूनही गप्प राहिले. दोष माझा, मुलीचा नाही. मुलगी अठ्ठावीस डिसेंबरला, गुरुवारी, दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी जन्मली. तिची आई, माझ्या धाकट्या भावाची बायको, त्याच दिवशी सव्वाचार वाजता वारली.