बंद फ्रिज

"तुझे बाबा मशिदीत जेवतो म्हणतात ना? एकदा त्यांचा फ्रिज उघडून बघ, पोरी. मंगळवारी मशिदीत कोण जेवायला घालतं?"

बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या तुर्की गुलसेरेनताई जिन्यात एवढं बोलल्या होत्या. विदादने ते कानाआड केलं. कडेवर लेक सिलिया रडत होती, नोकरीचा करार संपायला सहा आठवडे उरले होते, आणि गुलसेरेनताईंना काय, सगळ्यांच्याच घरात डोकावायची सवय.

जानेवारीत तिने तो फ्रिज उघडला, तोही दूध ठेवायला. आत दिवा लागला नाही. पिन काढलेली होती. वरच्या कप्प्यात गावच्या घराचे कागद, खालच्यात विम्याच्या पावत्या, आणि मधल्या कप्प्यात तिनेच वसंतात आणून दिलेला अर्ज. कोरा.

"बाबा, हा भरला म्हणाला होतात."

हद्दू घरातच कोट घालून बसला होता. "भरणार होतो."

चौतिसाव्या वर्षी तो मोरोक्कोतल्या रीफच्या डोंगरातून हेगला आला आणि पुढची तीस वर्षं त्याने काचघरांत टोमॅटो तोडले. इथलं पेन्शन इथे किती वर्षं राहिलात त्यावर ठरतं. सतराव्या वर्षापासून इथे काढलेल्या दर वर्षाला पूर्ण पेन्शनच्या शंभरातले दोन. त्याच्या अंगातली खरी ताकद गावच्या खाणीत गेली होती, आणि ती सतरा वर्षं इथे कोणी धरत नाही. या तुटीवर सरकार भर घालतं, पण ती असा अर्ज भरून मागावी लागते.

"सातव्या पानावर विचारलंय, परदेशात घर आहे का म्हणून."

"मग लिहा आहे."

"आहे लिहिलं की म्हणतील, विकून खा."

"आणि नाही लिहिलं तर?"

"या वयात खोटं लिहू? म्हणून लिहिलंच नाही काही."

गावातलं ते तीन मजली घर त्याने उन्हाळ्या-उन्हाळ्याने चढवलेलं. प्रत्येक मुलाला एक खोली, तिथली रीतच तशी. विदादच्या खोलीतल्या कोचावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही.

"वर्षातून दहा दिवस राहतो आपण तिथे, बाबा."

"राहा नाहीतर नको राहू, खोली तुझी आहे. इथे काय आहे तुझं? भाड्याचं घर, नि सहा-सहा महिन्यांची नोकरी."

ते तिला लागलं, कारण खरं होतं. बाराव्या वर्षी बाईंनी हिला हातकामाची शाळाच बरी असं लिहून दिलं होतं. तिथून वळसे घेत पदवीपर्यंत पोचायला तिला चार वर्षं जास्त लागली. तोवर शेजारच्या बाकावरच्या मुलींनी घरं घेतली. परवा पाळणाघरातून सिलियाबद्दल चिठ्ठी आली, 'बोलण्यात मागे'. घरी दोन भाषांत बडबडणारी पोर!

"आणि हा विमा मात्र दर महिन्याला भरता?"

"तो नाही चुकवायचा. मेलो की विमानाने थेट गावी. तेवढं तरी पक्कं आहे."

"मेल्यावर विमान, नि जिवंतपणी हीटर बंद!"

"काचघरात तीस वर्षं उकडून निघालोय, लेकी. ती ऊब पुरते अजून." तो स्वतःच हसला. विदादला हसू आलं नाही.

तिने सातव्या पानावर 'आहे' लिहिलं आणि सहीची जागा बोटाने दाखवली. हद्दूने पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं, मग खाली ठेवलं.

"सोमवारी करू."

सहाला पाळणाघर बंद होतं. ती निघाली. जाता जाता तिने फ्रिजची पिन लावली, दूध आणि मसुराच्या सूपचं पातेलं आत ठेवलं.

आज गुरुवार. सिलियाला त्याच सोमवारपासून ताप आहे, विदादला घर सोडता येत नाही. बाबा फोनवर "जेवलो, जेवलो" म्हणतात नि ठेवून देतात. गुलसेरेनताई लेकाकडे गेल्यात. तुमचं त्या बाजूला जाणं झालं तर जरा डोकावाल का? तिसरा मजला, डावीकडचं दार. बेल वाजत नाही, जोरात ठोठावा. जेवलोय असंच सांगतील. तुम्ही फ्रिज उघडून बघा.